हरिपुरा : तापीकाठचे आपले शेजारी गाव

बारडोलीत आपल्या मंडळींच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, तरी कोणी "गाव कोणते?" म्हणून विचारले की आम्ही जळगाव, धुळे नाहीतर अमळनेर सांगतो. या तालुक्यातली गावे आम्हाला एस.टी.च्या पाटीपुरतीच ठाऊक. त्यांपैकी एकाची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

बारडोलीहून ईशान्येला, कडोदजवळ तापीच्या काठी हरिपुरा हे लहानसे गाव आहे. येथे नगरपालिका नाही की मोठी बाजारपेठ नाही. परंतु फेब्रुवारी १९३८ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसचे ५१ वे अधिवेशन येथेच भरले. अध्यक्ष होते ४१ वर्षांचे सुभाषचंद्र बोस. एवढा जनसमुदाय मूळ गावात मावणे शक्यच नव्हते. म्हणून नदीकाठी बांबू, गवत आणि खादीचे एक तात्पुरते नगरच वसवले गेले. अध्यक्षांचा रथ ५१ बैलांनी ओढला आणि वेशीही ५१ उभारल्या. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी शेतकरी, ढोलकरी, कारागीर यांची चित्रे रंगवून ते नगर सजवले.

नगराचे नाव विठ्ठलनगर. आपल्याला वाटते, पंढरीच्या विठ्ठलावरून असेल. पण ते सरदार वल्लभभाईंचे थोरले बंधू, १९३३ साली निवर्तलेले विठ्ठलभाई पटेल यांच्या स्मरणार्थ होते.

अधिवेशने खेड्यात भरावीत, हा गांधीजींचा आग्रह. त्यानुसार पहिले ग्रामीण अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये कोठे झाले? तर आपल्या खानदेशात, फैजपूरला! तेथील नगराचे नाव टिळकनगर, आणि सजावट नंदलालबाबूंचीच. पुढचा मान बारडोली तालुक्याला मिळाला. १९२८ मध्ये सारावाढीविरुद्ध सत्याग्रह करून येथील शेतकऱ्यांनी सरकारला नमवले होते. गावोगाव संघटना उभी होती.

अधिवेशन संपले आणि विठ्ठलनगरही उठले. नकाशावर राहिले ते हरिपुराच. म्हणून त्याची आठवण सांगणाऱ्यांवरच अवलंबून आहे, आणि आम्हीही इथलेच आहोत. फैजपूर आणि हरिपुरा, दोन्ही तापीच्याच खोऱ्यातली. आमचे एक गाव नदीच्या वरच्या अंगाला असेल, तर दुसरे इथे खालच्या अंगाला आहे. पुढच्या वेळी मुलांनी "आपले गाव कोणते?" विचारले, तर दोन्ही नावे सांगू या; आणि विसर्जनानंतर एखाद्या रविवारी त्यांना हरिपुऱ्याला घेऊन जाऊ या.

गणपती बाप्पा मोरया!