वलंदेजांची चांदी : वेंगुर्ल्याची वखार आणि जावा रुपयाचा संग्रह

मराठी कागदपत्रांत डच लोकांचा उल्लेख ‘वलंदेज’ असा येतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील टोपीकरांच्या नामावळीतही वलंदेज आहेत. पोर्तुगीजांकरवी कोकणात रुजलेल्या या शब्दाचा आप्त एका चांदीच्या नाण्यावर अरबी लिपीत आढळतो. डच ईस्ट इंडिया कंपनीने १७४७ पासून जावा बेटाकरिता पाडलेल्या रुपयाच्या एका बाजूस ‘दिरहम मिन् कुंपनी वलंदावी’, म्हणजे वलंदेज कंपनीचा दिरहम, व दुसऱ्या बाजूस ‘इला जझीरत जावा अल्-कबीर’, म्हणजे थोरल्या जावा बेटासाठी, असा मजकूर आहे. लिपी अरबी, सन ख्रिस्ती, घडण हिंदुस्थानी रुपयाची. संग्राहकांना या नाण्याचे आकर्षण वाटते ते स्वाभाविकच आहे.

परंतु असे नाणे मुंबईच्या बाजारात मिळाले म्हणून त्यावरून कोकण-जावा व्यापार सिद्ध होतो काय? वलंदेजांनी वेंगुर्ल्यास १६३७ मध्ये वखार घातली. गोव्याच्या सागरी नाकेबंदीस हे ठाणे सोयीचे होते, आणि शिवकालातील घडामोडींची बातमीपत्रे तेथून बटाव्हियास जात. मालाच्या खरेदीस कंपनी मुख्यतः सोने-चांदीच आणी. १६५९ पासून पाडला जाऊ लागलेला नेदरलँड्सचा डुकाटून हा त्यांपैकी एक. त्यावर घोडेस्वाराचे चित्र असून वजन सुमारे पावणेतीन तोळे. पूर्वेकडे त्याचा भाव मायदेशापेक्षा चढा असल्याने खलाशी तो चोरून आणीत. १७२८ पासून कंपनीने स्वतःच्या अक्षरमुद्रेचे डुकाटून पाडून घेतले.

हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर मात्र परकी नाण्याचे नाणेपण फार काळ टिकत नसे. सराफ ते तोलून, कसास लावून, बट्टा कापून घेत. सुरतेस ही चांदी मोगली टांकसाळीत वितळून बादशाही रुपये होत. ज्या नाण्याने व्यापारात आपले काम चोख बजावले, तेच मुशीत नाहीसे झाले. संग्रहांत उरले ते मुशीतून निसटलेले. म्हणून वलंदेजी नाण्यांच्या दुर्मीळतेवरून त्यांच्या व्यापाराची व्याप्ती मोजणे प्रस्तुत लेखकास चुकीचे वाटते. आपल्याकडील नाणेविषयक लेखनात ही गफलत वारंवार होते. वेंगुर्ल्याची चांदी शोधायची तर ती मोगली रुपयातही शोधली पाहिजे.

यासाठी नाण्याइतकेच त्याचे प्राप्तिस्थान मोलाचे ठरते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरील मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. प्रत्यक्षात लोक जप्तीच्या भयाने हंडा फोडून सोनाराकडे जातात आणि सोबतची नाणी पांगतात. मग दलालाने सांगितलेली कथाच पुरावा बनते, तीही बहुधा गिऱ्हाईक पाहून सांगितलेली.

उरण तालुक्यात जासई परिसराचा प्रश्न निराळा आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून तेथील भूमीचे रूप पालटले आहे. अशा ठिकाणी भरावात एखादे नाणे निघाले, तर ते त्या गावचे की मातीबरोबर अन्यत्रून आलेले, हे प्रथम तपासावे लागेल. महाविद्यालयीन संग्रहात नाणे घेताना वजन व लेखाबरोबर स्थळ, खोली, सोबतच्या वस्तू आणि हस्तांतराची तारीख यांची नोंद त्याच दिवशी व्हावी. नाणे घासूनपुसून लखलखीत करण्यापूर्वी.