पांदण : चिखलावर टिकणाऱ्या वाटेचा इतिहास

१/ मृगाच्या सरी कोसळल्या की चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्यापुढे दोन कामे एकदमच उभी राहतात : पेरणी करणे आणि पेरणीपर्यंत पोहोचणे. गावच्या डांबरी रस्त्यापासून शेतापर्यंतची अर्ध्या-एक किलोमीटरची पांदण पहिल्या आठवड्यातच बंडीचे चाक आसापर्यंत गिळते. पाणथळ जमिनीवर कमी खर्चात टिकणारी वाट कशी बांधावी, हा रस्त्यांच्या इतिहासातील फार जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तरही जुनेच आहे. #धागा

२/ पश्चिम महाराष्ट्रात जिला पाणंद म्हणतात, तीच विदर्भातील पांदण. दोन धुऱ्यांच्या मधून जाणारी ही वाट खुरांनी आणि चाकांनी झिजत जाते. सुटी झालेली माती दरवर्षी वाहून जाते आणि कालांतराने वाट शेतापेक्षा खोल होते. मग दोन्ही बाजूंच्या शेतांतील पाणी तिच्यातच उतरते. उन्हाळ्यातील रस्ता पावसाळ्यात नाला होतो. या वाटेचा पुढचा सारा इतिहास म्हणजे तिला पुन्हा नाल्यातून वर काढण्याचा प्रयत्न होय.

३/ या मुलखात जमिनीही दोन तऱ्हेच्या. पश्चिमेकडे, वर्धा नदीच्या खोऱ्यात वरोरा, भद्रावती, राजुरा या भागात कापसाची काळी जमीन. पूर्वेकडे ब्रह्मपुरी, सिंदेवाहीपासून वैनगंगेपलीकडे गडचिरोलीपर्यंत धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल. एकीकडे माती पाणी पिऊन फुगते, दुसरीकडे माणूस मुद्दाम पाणी अडवतो. वाटेला दोन्ही परिस्थिती प्रतिकूलच.

४/ काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की तडकते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो, पावसात तीच माती लोण्यासारखी मऊ होते. अशा मातीवर नुसता दगड टाकला तर चाकाच्या दाबाने दगड खाली जातो आणि चिखल फटींतून वर येतो. दोन पावसाळ्यांनंतर दगड कोठे गेला, असा प्रश्न पडतो. तो कोठेही गेलेला नसतो. तो चिखलात मुरलेला असतो.

५/ याचा हिशेब सोपा आहे. तीन मीटर रुंदीच्या एक किलोमीटर पांदणीवर पंधरा सेंटिमीटर जाडीचा मुरूम टाकायचा तर ४५० घनमीटर मुरूम लागतो. पाण्याला वाट न देता तो टाकला तर जमीन तो गिळते आणि पुढच्या वर्षी तेवढाच पुन्हा टाकावा लागतो. सर्वांत महाग रस्ता तो, जो दरवर्षी स्वस्तात केला जातो.

६/ धानपट्ट्यातील लोकांना मात्र एक गोष्ट पूर्वीपासून ठाऊक होती. पावसाळ्यात कोरडी राहते ती तलावाची पाळ. कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याची ख्याती चांदा आणि भंडारा या दोन्ही जिल्ह्यांत होती. मातीचे थर तुडवून, दाबून उभी केलेली पाळ पाणी अडवते आणि तिच्या माथ्यावरून माणूस, बैल कोरड्या पायाने जातो. ओल्या मुलखात चालायचे तर आधी वाट उंच हवी, हा धडा तिथे डोळ्यांसमोर होता.

७/ मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्याने संपली. ते तलाव ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणजेच ‘मामा तलाव’, या नावाने शासकीय दप्तरात आले. पाळीची, सांडव्याची आणि पाटाची देखभाल करणारी गावातील जुनी व्यवस्था सैल झाली. पाण्याचे नियोजन आणि वाटेचे नियोजन हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय झाले. जमिनीवर मात्र ते कधीच वेगळे नव्हते.

८/ जगात इतरत्र चिखलावरचे पहिले उत्तर लाकूड हे होते. इंग्लंडमधील सॉमरसेटच्या दलदलीत १९७० मध्ये एक लाकडी पायवाट सापडली. झाडांच्या वर्षवलयांवरून तिचे लाकूड इसवी सनपूर्व ३८०७-३८०६ च्या सुमारास तोडलेले ठरले. सुमारे पावणेसहा हजार वर्षे ते टिकले, कारण ते सतत ओल्या, हवा न पोहोचणाऱ्या मातीत गाडलेले होते.

९/ मग सागवान आणि बांबूच्या या मुलखात तोच उपाय का टिकला नाही? कारण येथील जमीन चार महिने ओली आणि आठ महिने कोरडी असते. भिजणे आणि सुकणे आलटून-पालटून झाले की लाकूड कुजते आणि उरलेसुरले वाळवी खाते. फांद्या आणि बांबू अंथरून एखादा हंगाम निभावतो, पिढी निभावत नाही. परदेशातील उपाय इथे आणताना आधी ऋतू पाहावा लागतो.

१०/ म्हणून या जंगलाने वेगळाच तोडगा काढला : ऋतूशी भांडायचे नाही. तोड आणि वाहतूक कोरड्या महिन्यांत करायची, सागाचे ओंडके बंड्यांनी नदीकाठी आणायचे आणि नदीला पाणी आले की प्राणहिता-गोदावरीच्या प्रवाहातून ते खाली सोडायचे. उन्हाळ्यात जमीन हा रस्ता, पावसाळ्यात नदी हा रस्ता. जंगलातील हंगामी वाटा पावसाळ्यात बंद पडत आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे.

११/ एकोणिसाव्या शतकात तर नदीलाच बारमाही हमरस्ता करण्याचा घाट घातला गेला. गोदावरी-प्राणहितेच्या मार्गावर दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि देवलमरी येथे खडकांचे तीन अडथळे होते. कालवे आणि दरवाजे बांधून ते ओलांडायचे आणि मध्य प्रांताचा कापूस पूर्व किनाऱ्याला न्यायचा, अशी ती योजना होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये हे काम सोडून देण्यात आले. आता भिस्त जमिनीवरच्या रस्त्यावर होती.

१२/ तोवर रस्ते बांधण्याचे शास्त्र बदललेले होते. जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाने १८१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत एक साधा सिद्धान्त मांडला : भार खरे तर खालची नैसर्गिक जमीन वाहते आणि कोरडी असेल तर ती कोणताही भार वाहू शकते. रस्ता बांधणाऱ्याचे काम तिला कोरडे ठेवण्याचे. खडीचा थर हा पाया नव्हे. ते जमिनीवरचे छप्पर होय.

१३/ त्यापूर्वीचे अभियंते खाली मोठमोठे दगड बसवून भक्कम पाया रचत. मॅकॅडमने तो खर्च वगळला. सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जड नसलेली फोडलेली खडी, साधारण दहा इंचांचा थर, आजूबाजूच्या पाण्यापेक्षा उंच तळ आणि बाजूला निचऱ्याचे चर. खडीत माती मिसळायची नाही, कारण माती पाणी धरून ठेवते.

१४/ १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने ऐकणाऱ्यांना चकित केले. माणूस चालून जाऊ शकेल इतपत जरी दलदल घट्ट असली, तरी खडकापेक्षा तिच्यावर रस्ता बांधणे आपण पसंत करू, असे त्याचे म्हणणे होते. मऊ तळावर खडी कमी झिजते, हा त्याचा अनुभव. तो ज्या दलदलीबद्दल बोलत होता तीही सॉमरसेटचीच. लाकडी वाट तेव्हा तिथल्याच मातीखाली अज्ञात पडून होती.

१५/ भारतात १८५४ मध्ये डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले. त्याच सुमारास नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदाही कंपनीच्या अमलाखाली आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात मदतीची कामे निघाली, त्यांत रस्ते, खडी फोडणे आणि तलाव यांचा मोठा वाटा होता. खडीचे ढीग मोजून मजुरी देता येत असे. पाणी रस्त्यावरून निघून गेले की नाही, हे असे मोजता येत नाही. ही अडचण पुढेही सुटली नाही.

१६/ मोटारी आल्या तसे प्रश्न वाढले. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि प्रसिद्ध ‘नागपूर योजना’ तयार झाली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण रस्ते अशी उतरंड तीत होती. पांदण या उतरंडीच्याही खाली राहिली.

१७/ त्याच काळात पूर्वेकडे युद्ध एक स्वस्त प्रयोग घडवत होते. १९४४-४५ मध्ये बर्मात उतरणाऱ्या चौदाव्या सैन्याला तामूच्या बाजूने रस्ता हवा होता आणि खडी नव्हती. त्यांनी माती समतल करून दाबली, बाजूला चर खणले आणि वर डांबरात बुडवलेले गोणपाट कौलांसारखे एकावर एक चढवून अंथरले. मॅकॅडमचे छप्परच ते, फक्त तागाचे. पाणी आत शिरले नाही तोवर जड मालमोटारीही त्यावरून धावल्या.

१८/ अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्याने १९२६ मध्ये रस्त्याच्या थरात सुती कापड वापरून पाहिले होते. पुढे कृत्रिम धाग्यांचे भू-वस्त्र आले. ते पाणी जाऊ देते, माती अडवते आणि मुरूम व काळी माती यांची सरमिसळ होऊ देत नाही. आज अभियंते काळ्या जमिनीवर ते सुचवतात. परवडत नसेल तिथे वाळूचा किंवा जाड मुरमाचा स्वतंत्र थर थोड्याफार प्रमाणात तेच काम करतो.

१९/ नाला ओलांडण्याचेही असेच. त्याचे स्वस्त उपाय दोन : पाणी वरून जाऊ देणारा रपटा, नाहीतर पाणी खालून नेणारा सिमेंटचा नळा. यंत्रात फिरवून नळा घडवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात ह्यूम यांनी १९१० मध्ये शोधली. १९२६ मध्ये वालचंद हिराचंद यांनी इंडियन ह्यूम पाईप कंपनी स्थापली. आज खेडोपाडी ‘ह्यूम पाईप’ हा शब्द मराठीच झाला आहे. पांदणीवरचा सर्वांत मोलाचा खर्च बहुधा याच एका नळ्याचा असतो.

२०/ हे सारे न झाल्यास काय होते, ते भामरागडने दाखवले. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांच्या संगमावरचा हा भाग. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यापूर्वीच धान्य आणि औषधे साठवून ठेवावी लागत, कारण पूर आला की बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. अशा ठिकाणी रुग्ण खाटेवर घालून खांद्यावरून आणतात. मग चिखलातील एका किलोमीटरची किंमत रुपयांत सांगता येत नाही.

२१/ २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. तिची लोकसंख्येची अट सपाट प्रदेशात ५०० आणि आदिवासी व डोंगराळ भागात २५० अशी होती. गावे रस्त्यांना जोडली गेली. गावापासून शेतापर्यंत आणि टोल्यापर्यंतची वाट मात्र याही हिशेबात बसत नव्हती.

२२/ त्या वाटेसाठी रोजगार हमी होती. राज्याचा कायदा १९७७ चा. पुढे राष्ट्रीय कायद्यात मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण ६०:४० ठरले. इथे मातीने पुन्हा पेच टाकला. काळ्या जमिनीवरच्या रस्त्याला मुरूम, त्याची वाहतूक आणि दाबणारे यंत्र लागते, म्हणजे साहित्याचा वाटा फुगतो. म्हणूनच २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत रोजगार हमीला इतर निधीची जोड देण्यात आली.

२३/ कायद्यालाही ही वाट अपरिचित नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेताच्या हद्दीवरून जाण्याचा हक्क तहसीलदार ठरवू शकतो. कलम १६५ मधील ‘वाजिब-उल-अर्ज’ या नोंदीत सिंचनाचा हक्क आणि वहिवाटीचा हक्क एकाच वाक्यात शेजारी-शेजारी येतात. पाणी आणि वाट यांचे भांडण एकच आहे, हे कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखले होते.

२४/ या इतिहासातून निघणारी पद्धत थोडक्यात अशी. पहिला खर्च मुरमावर नको, चरांवर हवा : दोन्ही बाजूंना चर, त्यांना उतार आणि शेवटी पाणी सोडायला नैसर्गिक नाला. चरांतून निघालेली माती मध्ये टाकून, थराथराने दाबून वाट शेतापेक्षा उंच करावी. त्यावर सरमिसळ रोखणारा थर आणि मग मुरूम. माथा मधोमध फुगीर हवा. शंभराला चार इतका उतार धरला, तर तीन मीटरच्या वाटेवर मध्य आणि कड यांत सहा सेंटिमीटरांचा फरक पडतो.

२५/ हे सहा सेंटिमीटर आणि ते दोन चर टिकवणे, हेच खरे अवघड काम. चर नांगरटीत बुजतो. धुरा दरवर्षी वीतभर सरकतो. वरच्या शेताचे पाणी कोणाच्या शेतातून न्यायचे, यावर गाव अडते. मॅकॅडमला हे प्रश्न पडले नाहीत, कारण त्याच्या रस्त्यांवर पगारी देखरेख होती. पांदणीला तशी कोणी नाही, म्हणून चर कोणी आणि कधी उपसायचा हे ग्रामसभेत ठरवणे हाही बांधकामाचाच भाग ठरतो.

२६/ आजही पूर्ण झालेला रस्ता मोजला जातो तो लांबीने आणि टाकलेल्या मुरमाने. त्यासोबत आणखी एक मोजमाप धरता येईल : भर ऑगस्टमध्ये, सलग तीन दिवसांच्या पावसानंतर, त्यावरून भरलेली बंडी किंवा रुग्ण नेणारे वाहन गेले का. ज्या पांदणीचे चर मृगाआधी उपसले जातात, तिथे हे उत्तर ‘हो’ येण्याची शक्यता सर्वांत जास्त. आणि त्या कामाला फावड्यापलीकडे फारसे काही लागत नाही.