पार कोणाचा?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरांतील इंटरनेटची पेटी एकाएकीं बंद पडली. कंपनीला फोन केला, तर पलीकडे यंत्राचा आवाज. हा आंकडा दाबा, तो आंकडा दाबा, यांतच अर्धा तास गेला. अखेर माझ्या नातीनें कंपनीच्याच ग्राहकमंडळांत, म्हणजे मोबाइलवर भरणाऱ्या त्यांच्या बैठकींत, आमची अडचण लिहून टाकली. वीस मिनिटांच्या आंत एका गृहस्थांचें उत्तर आलें. कोणती वायर काढावयाची, कोणतें बटन किती वेळ दाबून धरावयाचें, सर्व क्रमवार आणि सौजन्यानें लिहिलेलें. पेटी सुरू झाली. मीं विचारलें, "हे कंपनीचे इंजिनियर कां?" नात म्हणाली, "नाहीं आजोबा, ते आपल्यासारखे गिऱ्हाईकच आहेत. अशीं हजारावर उत्तरं दिलीं आहेत त्यांनीं." "मग कंपनी त्यांना काय देते?" तिनें पडद्यावर बोट ठेवलें. त्या गृहस्थांच्या नांवापुढें एक सोनेरी तारा होता.

मीं अडतीस वर्षें मास्तरकी केली. वहीच्या कोपऱ्यांत लिहिलेल्या 'शाबास' या एका शब्दांत केवढें सामर्थ्य असतें, हें मला पुरतें ठाऊक आहे. परंतु त्या शाबासकीच्या मोबदल्यांत शाळेच्या कचेरीचे हिशेब मीं मुलांकडून कधीं लिहून घेतले नाहींत. त्या ताऱ्याकडे पाहतांना मनांत जो प्रश्न उभा राहिला, त्याचें उत्तर शोधूं लागलों, तेव्हां या धंद्याचा चाळीस वर्षांचा इतिहास हातीं लागला. तोच आज थोडक्यांत निवेदन करतों.

धंदा हा शब्द मीं जाणूनबुजून वापरला आहे. ग्राहकांना एकत्र आणावें, त्यांना आपसांत बोलतें करावें, त्यांचे तंटे मिटवावे, चांगल्या उत्तरांना मानचिन्हें द्यावीं आणि या सर्वांतून कंपनीचा खर्च वांचवावा व तिचा माल खपवावा, एवढ्यासाठीं आज मोठमोठ्या कंपन्या पगारी व्यवस्थापक नेमतात. अशा बैठकींची तयार यंत्रणा विकणाऱ्या स्वतंत्र कंपन्याही निघाल्या आहेत. परंतु या गोष्टीचा आरंभ दुकानांत झाला नाहीं. तो झाला एका पारावर.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकांठीं सॉसालिटो नांवाचें एक गांव आहे. तेथें १९८५ सालच्या एप्रिल महिन्यांत 'वेल' ही संस्था सुरू झाली. इंग्रजींत या शब्दाचा एक अर्थ विहीर; आणि पाणवठ्यावर गप्पा कशा रंगतात, हें आपणांस सांगावयास नको. तिचे संस्थापक दोन. एक स्ट्युअर्ट ब्रँड, 'होल अर्थ कॅटलॉग' या गाजलेल्या ग्रंथाचे संपादक. दुसरे डॉक्टर लॅरी ब्रिलियंट. हे डॉक्टर आपणांस अगदींच परके नव्हेत. १९७० नंतरच्या दशकांत देवीच्या रोगाचें आपल्या देशांतून उच्चाटन करण्याच्या मोहिमेंत त्यांनीं येथें राहून काम केलें होतें. ब्रिलियंट यांच्या कंपनीनें संगणक दिला. ब्रँड यांनीं संस्थेला नांव दिलें आणि माणसें जमविलीं.

त्या वेळीं चित्र नाहीं, आवाज नाहीं. टेलिफोनच्या तारेनें आपला संगणक जोडावयाचा आणि अक्षरें टंकित करावयाचीं. वर्गणी महिना आठ डॉलर, शिवाय तासाला दोन डॉलर. आरंभींच्या व्यवस्थापकांपैकीं कांहीं जण टेनेसी प्रांतांतील 'फार्म' नांवाच्या वसाहतींत सामुदायिक जीवन जगून आलेले होते. एका छपराखालीं अनेकांनीं राहावयाचें म्हणजे भांडणें होणारच, आणि तीं मिटवावीं कशीं, हें ते अनुभवानें शिकले होते. प्रत्येक विषयाच्या बैठकीला एक यजमान असे. त्याला फुकट प्रवेश मिळे. मुलांचीं आजारपणें, पुस्तकें, राजकारण, सर्व कांहीं तेथें चाले. 'ग्रेटफुल डेड' या गायकवृंदाच्या चाहत्यांनीं तर इतकी गर्दी केली कीं, पहिल्या कांहीं वर्षांत संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांच्या गप्पांतूनच येई.

येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत घ्यावी. 'वेल'चा एक नियम होता कीं, ज्याचे शब्द त्याच्या मालकीचे. ब्रँड यांचा हेतु व्यवहारी होता. कोणी कांहीं भलतें लिहिलें, तर त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर पडावी, संस्थेवर येऊं नये. परंतु सभासदांनीं त्याच वाक्यांतून दुसरा अर्थ उचलला. शब्द आमचे, तेव्हां त्यांवरील हक्कही आमचाच. जबाबदारी कीं हक्क, हा वाद तेथें सुरू झाला. तो अद्याप मिटलेला नाहीं.

'वेल'चे एक सभासद हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांनीं १९९३ सालीं या नव्या शेजारधर्मावर एक ग्रंथ लिहिला आणि जगाला त्याची ओळख झाली. चारच वर्षांनीं, १९९७ सालीं, जॉन हेगेल आणि आर्थर आर्मस्ट्राँग या व्यापारी सल्लागारांचें 'नेट गेन' हें पुस्तक निघालें. विषय तोच, परंतु दृष्टि निराळी. ग्राहकांचा असा मेळा जो प्रथम जमवील, त्याला नफाही प्रथम मिळेल, असें त्यांचें प्रतिपादन होतें. चार वर्षांत शेजाऱ्याचा ग्राहक झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या विचाराचें मोठें उदाहरण त्या वेळीं डोळ्यांपुढें होतेंच. 'अमेरिका ऑनलाइन' ही कंपनी घरोघर इंटरनेट पुरवीत असे आणि तिच्या गप्पांच्या खोल्या अहोरात्र भरलेल्या असत. त्या खोल्यांवर देखरेख कोण करी? हजारों स्वयंसेवक. नवख्याला वाट दाखवावी, शिवीगाळ करणाऱ्यास आवरावें, मुलांच्या खोल्यांवर लक्ष ठेवावें, हीं त्यांचीं कामें. कंपनी तासांवर पैसे आकारी, तोंवर स्वयंसेवकास मिळणारा फुकट प्रवेश ही खरोखरच मोलाची वस्तु होती. परंतु १९९६ सालच्या डिसेंबरांत कंपनीनें तासांचा हिशेब सोडून महिन्याला १९ डॉलर ९५ सेंट असा एकच दर ठरविला, आणि त्या बक्षिसाची किंमत एका दिवसांत उतरली. काम मात्र उतरलें नाहीं. ठराविक पाळी, शिक्षणवर्ग, कामाचे अहवाल, सर्व चालूच राहिलें.

पाळी आहे, अहवाल आहे, वरिष्ठ आहे. मग पगार कां नाहीं? हा प्रश्न कांहीं माजी स्वयंसेवकांनीं १९९९ सालीं न्यायालयापुढें नेला. आधार १९३८ च्या कायद्याचा. किमान वेतन ठरविणारा अमेरिकेचा मध्यवर्ती कायदा तो हाच. गिरणी-कारखान्यांच्या काळांत झालेला कायदा गप्पांच्या खोलीला लागूं पडतो कां, असा तो पेंच होता. खटला दहा वर्षांहून अधिक चालला. मध्यंतरीं, २००५ सालीं, कंपनीनें स्वयंसेवकांची ती योजनाच बंद केली. शेवटीं २०१० सालीं १ कोटि ५० लक्ष डॉलरांवर तडजोड झाली. तडजोड म्हणजे निकाल नव्हे. तेव्हां तत्त्वाचा निर्णय लागला नाहीं. परंतु प्रेमानें केलेल्या कामाचीही खतावणी होऊं शकते, एवढें धंद्यानें ओळखलें.

सर्वच कंपन्यांची वाट एक नव्हती. डेन्मार्कमधील बिलुंड गांवची 'लेगो' ही खेळण्यांची कंपनी घ्या. १९९८ सालीं तिनें यंत्रमानव बनविण्याची एक पेटी बाजारांत आणली. ती होती मुलांसाठीं. परंतु मोठ्या माणसांनींच तिच्यावर झडप घातली. स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्यानें कांहीं आठवड्यांत तिच्या आंतील गुप्त आज्ञावलि उलगडून जगापुढें मांडली. कंपनीनें प्रथम वकिलाकडे पाहिलें, मग सबुरीनें विचार केला आणि असें उलगडण्याची मुभाच परवान्यांत लिहून दिली. पुढें २००६ सालीं नवी आवृत्ति निघाली. तिच्या घडणींत चार हौशी ग्राहक सामील होते. त्यांना मोबदला मिळाला तो खेळण्यांच्या रूपानें. बिलुंडला गेले, तर विमानाचें भाडें ज्यानें त्यानें भरलें. ते आनंदानें गेले, हेंही नमूद केलें पाहिजे. नंतर मात्र कंपनीनें रीतसर नियम केला. ग्राहकाच्या कल्पनेला दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला आणि कंपनीनें ती विक्रीस काढली, तर विक्रीच्या निव्वळ उत्पन्नांतील शेंकडा एक हिस्सा कल्पकास मिळतो.

इंग्लंडांत २००९ सालीं 'गिफगाफ' नांवाची मोबाइल कंपनी निघाली. हा मूळ स्कॉटलंडचा जुना शब्द. अर्थ परस्पर देवघेव. शंकांचीं उत्तरें देण्यासाठीं तिनें टेलिफोनवर नोकर बसविले नाहींत. ग्राहकच ग्राहकांना उत्तरें देऊं लागले. परंतु प्रत्येकाच्या नांवावर गुण जमा होत, एका गुणास एक पेनी, आणि वर्षांतून दोनदां ते रोख घ्यावे, बोलण्याच्या खात्यांत वळवावे, अथवा धर्मादाय संस्थेस द्यावे, अशी सोय ठेवली. रक्कम मोठी नसेल. पण हिशेब उघडा होता. सोनेरी तारा आणि एक पेनी यांतलें अंतर एका पेनीहून पुष्कळ अधिक आहे.

आतां अलीकडची गोष्ट. 'रेडिट' नांवाच्या विशाल बैठकीचीं हजारों दालनें बिनपगारी यजमान सांभाळतात. त्यांच्या उपयोगाचीं बाहेरचीं साधनें ज्या सोयीवर चालत, तिच्यावर कंपनीनें जबर आकार बसविण्याचें ठरविलें, तेव्हां १२ जून २०२३ रोजीं हजारों दालनांचीं दारें यजमानांनीं बंद केलीं. हा एक प्रकारचा हरताळच. परंतु पगार नसलेल्यानें संप कसा करावा? रोखावयास त्याच्याजवळ वेतन नाहीं आणि सोडावयास नोकरी नाहीं. कंपनी बधली नाहीं. दारें हळूहळू उघडलीं. पुढील वर्षीं मार्च महिन्यांत कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारांत आले. कांहीं यजमानांना ते आरंभींच्या भावानें घेण्याची संधि देण्यांत आली. विकत घेण्याची बरें कां, देणगी नव्हे. त्याच वेळच्या जाहीर पत्रकांत असेंही होतें कीं, लोकांनीं लिहिलेला मजकूर इतर कंपन्यांस वापरावयास देण्याचे एकंदर २० कोटि ३० लक्ष डॉलरांचे करार झाले आहेत. 'ज्याचे शब्द त्याच्या मालकीचे' या सॉसालिटोच्या नियमाला अठ्ठेचाळीस नव्हे, चाळीसही वर्षें पुरीं झालीं नव्हतीं.

आणि त्या 'वेल'चें काय झालें? पार हातोहात विकला गेला. १९९४ सालीं त्याची मालकी एका जोडे बनविणाऱ्या उद्योगपतीकडे गेली. १९९९ सालीं 'सलोन' या नियतकालिकानें ती घेतली. २०१२ सालीं 'सलोन'नेंही तो विकावयास काढला. तेव्हां दीर्घकाळच्या कांहीं सभासदांनीं पैसे उभे करून एक कंपनी स्थापिली आणि चार लक्ष डॉलरांस आपला पार आपण विकत घेतला. सत्तावीस वर्षें आपणच बोलून बोलून ज्याला किंमत आणली, त्याचेच पैसे त्यांना मोजावे लागले. यांत विनोद आहे आणि विषादही आहे. परंतु पार वांचला हें खरें.

श्रोतेहो, मी या बैठकींचा द्वेष्टा नाहीं. माझी पेटी त्यांच्याच कृपेनें सुरू झाली. जाणत्यानें नेणत्यास सांगावें यासारखें पुण्य नाहीं, आणि त्याची मजुरी मागावीच असाही माझा आग्रह नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, शेजारधर्म शेजाऱ्यांत असतो. त्यावर तिसऱ्याचा नफा उभा राहिला, कीं त्या तिसऱ्याचीही कांहीं कर्तव्यें निर्माण होतात. ज्यानें पार बांधला, त्यानें बसणाऱ्यांस न विचारतां तो पाडूं नये आणि तेथें बोलले गेलेले शब्द परस्पर विकूं नयेत.

पेटी सुरू झाल्यावर त्या गृहस्थांना मीं आभाराचें पत्र लिहविलें, आणि धीर करून तो ताऱ्याचा प्रश्नही विचारला. त्यांचें उत्तर आलें. ते टेलिफोन खात्यांतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. लिहितात, "पैशाची अपेक्षा कधींच नव्हती. दिवसांतून दोन तास कोणाच्या तरी उपयोगीं पडतों, एवढें पुरे आहे. परंतु गेल्या वर्षीं कंपनीनें बैठकीची जागा बदलली आणि माझीं सहा वर्षांचीं उत्तरें त्यांत पुसलीं गेलीं. तारा तेवढा नव्या जागेंत आला. मला तो नको होता. उत्तरें हवीं होतीं."