धूर वर जातो, गॅस खाली बसतो : पंढरीच्या वाटेवरील चुलीचा इतिहास

१/ वारीचा इतिहास सांगताना टाळ, पताका आणि पालख्यांची नोंद होते. चुलीची सहसा होत नाही. वस्तुतः आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट दिंड्या चालतात, त्या रोज नव्या माळावर पेटणाऱ्या चुलीच्या बळावर. ती चूल बदलली, तशी तिच्यापाशी वावरण्याची रीतही बदलणे भाग होते. त्या स्थित्यंतराचा हा धागा.

२/ तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. इंधन म्हणजे सरपण आणि गोवऱ्या. तीन दगड मांडले की चूल झाली. तिचा धोका डोळ्यांना दिसे, नाकाला झोंबे. धूर वर जातो, म्हणून घरांच्या छपराला साणे ठेवीत.

३/ मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले. हा कोळशापासून काढलेला वायू हवेपेक्षा हलका, पण त्यातील कार्बन मोनॉक्साइडमुळे विषारी. त्याआधी दहा वर्षे, १८५५ च्या सुमारास, हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांनी वायू जळण्यापूर्वीच त्यात हवा मिसळणारा बर्नर सिद्ध केला होता. आपली गॅसची शेगडी त्याच तत्त्वावर चालते.

४/ मधल्या काळात रॉकेलचा स्टोव्ह आला. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी घडवलेला ‘प्रायमस’ पंपाच्या दाबावर चाले. पुढे ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही वृत्तपत्रांतील नित्याची ओळ झाली. त्यांतील सारेच भडके अपघात नव्हते, हे समाजाने उशिरा मान्य केले. भारतीय दंडसंहितेत १९८३ मध्ये ४९८-अ आणि १९८६ मध्ये ३०४-ब ही कलमे आली.

५/ १९५० च्या दशकाच्या मध्यास बर्मा शेलने मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने सिलिंडरचा गॅस आणला. १९६५ मध्ये कोलकात्यात इंडेनची पहिली जोडणी झाली. १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारने ताब्यात घेतली. निखाऱ्यांच्या भांड्याचे ‘शेगडी’ हे नाव नव्या वस्तूला जसेच्या तसे चिकटले. नावाबरोबर जुने समजही आले.

६/ खरी गफलत येथे होते. प्रोपेन व ब्युटेन यांचे हे मिश्रण हवेच्या दीड ते दोन पट जड असते. गळलेला गॅस साण्यातून निघून जात नाही. तो जमिनीलगत पसरतो, उंबऱ्याआड आणि खोलगट जागी साचतो. जुन्या वाड्यातील बुटकी खोली असो वा वारीतील कनाती बंद केलेली राहुटी, वाट खालून मोकळी हवी.

७/ गॅसला स्वतःचा ठळक वास नसतो. १९३७ मध्ये टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण, बहुतांश मुले, मृत्युमुखी पडली. त्यानंतर वायूत दर्प मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या सिलिंडरमधील मरकॅप्टनचा उग्र दर्प हा त्या दुर्घटनेचा वारसा आहे.

८/ ज्योत वाचता आली पाहिजे. निळी व स्थिर ज्योत म्हणजे हवेचे प्रमाण योग्य. पिवळी ज्योत आणि भांड्याला काजळी म्हणजे हवा अपुरी. प्रथम बर्नरची छिद्रे साफ करावीत. ज्योत बर्नरवरून उचलून फुरफुरत असेल, तर हवा अधिक. हवेची झडप किंवा जेट जाणत्या कारागिराकडूनच जुळवून घ्यावे.

९/ सिलिंडर उभा ठेवावा, शेगडी त्याहून उंच. आधी काडी पेटवावी, मग बटण फिरवावे. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडीने कदापि नाही. वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

१०/ थंडीत ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची वा गॅसची शेगडी पेटती ठेवून निजू नये. कोंदट न्हाणीघरातील गॅस गीझरही तितकाच घातक. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही; मरकॅप्टनचा दर्पही जळून गेलेला असतो.

११/ चूल विझली की नाही, हे राखेकडे पाहून कळे. गॅस बंद आहे की नाही, हे पाहून कळत नाही. रेग्युलेटरवर हात ठेवूनच कळते. दिंडीच्या मुक्कामावर असो वा घरी, निजण्यापूर्वी तो हात तेथवर जावा.