एकाच खंडातील दोन निबंध

जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड चाळण्याची खोड आम्हां मराठीच्या अध्यापकांना असतेच. कधी कधी एकाच खंडात दोन लेखक परस्परांकडे पाठ करून बसलेले आढळतात. ‘फ्ल्यूगर्स आर्काइव्ह’ या शरीरक्रियाविज्ञानाच्या जर्मन नियतकालिकाचा १९०२ सालचा ९२वा खंड असाच आहे. (आमचे जर्मन कामचलाऊही नाही, त्याची ओळख झाली ती इंग्रजी इतिहासलेखनातून.)

त्यात हाल्लेच्या युलियुस बर्नस्टाइन यांचा निबंध आहे. स्नायूपेशीत पोटॅशियम भरपूर, बाहेर थोडे. विश्रांत पटल पोटॅशियमच्या आयनांनाच वाट देते. हे धनभारित आयन बाहेर झिरपतात, आतली बाजू ऋण होते आणि तो ऋणभारच पुढची गळती आवरतो. हेच स्नायूचे विश्रांत विभव. उत्तेजनाच्या क्षणी पटलाची ही निवड सुटते, सर्वच आयनांना दार मोकळे होते आणि विभव शून्याकडे घसरते, असे त्यांचे प्रतिपादन.

त्याच खंडात व्यूर्ट्सबुर्गच्या अर्नेस्ट ओव्हरटन यांनी बेडकाचा स्नायू साखरेच्या समबल द्रावणात ठेवला. तो उत्तेजनाला दाद देईना. मेला मात्र नव्हता. थोडे मीठ मिळताच पुन्हा आकुंचन पावू लागला. सोडियमऐवजी लिथियम चालले, पोटॅशियम चालले नाही. तेव्हा उत्तेजित होताना स्नायू सोडियम आत घेत असेल आणि पोटॅशियम बाहेर टाकत असेल काय?

आम्ही थबकलो ते याच्या पुढच्या ओळींशी. ओव्हरटन स्वतःच्याच तर्काला अडवतात. सत्तर वर्षांच्या माणसाचे हृदय सुमारे २४० कोटी वेळा आकुंचन पावलेले असते; तरीही त्यातील सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण, ज्ञात होते तेवढ्यावरून, तरुण हृदयासारखेच. मग आत आलेले सोडियम जाते कुठे?

या शंकेकडे जवळजवळ अर्धशतक कोणी फारसे वळले नाही. बर्नस्टाइनपाशी तापमानाच्या मोजमापांनी पारखलेले समीकरण होते, ओव्हरटनपाशी उत्तर नसलेला प्रश्न. विद्वत्सभेत कोणाला मान मिळतो, हे आमच्या क्षेत्रातही वेगळे नाही.

१९३९ साली हॉजकिन आणि हक्सली यांनी माखलीच्या जाड चेतातंतूत विभव शून्यावर न थांबता ओलांडून जाताना पाहिले. १९५० साली नॅस्टुक आणि हॉजकिन यांना बेडकाच्या स्नायूतंतूतही तेच दिसले: विश्रांतीत सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट, उत्तेजनाच्या शिखरावर अधिक ३० च्या आसपास. बाहेरचे सोडियम घटवताच शिखर खुजे होई. म्हणजे दार सर्वांना नव्हे, आधी सोडियमला उघडत होते.

हृदयाचा हिशेब मात्र उरलाच होता. १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या चेतांत एक विकर शोधले. ते एटीपीची ऊर्जा खर्चून सोडियम बाहेर काढते व पोटॅशियम आत ओढते; दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, हे प्रमाण पुढे निश्चित झाले. त्यासाठी स्कौ यांना १९९७ साली नोबेल मिळाले. ओव्हरटन १९३३ सालीच वारले होते.