पाचगणीहून लोहगाव: आधी पर्याय, मग निवड

पायलट सर्व्हेचे फॉर्म घेऊन मी पाचगणीत फिरत होतो. पहिलाच प्रश्न होता: पुणे विमानतळावर जायला तुम्ही कोणतं वाहन निवडता? खाली पाच पर्याय. एका काकूंनी फॉर्म वाचला आणि हसल्या. "निवडायचं काय त्यात बाळा? नेहमीच्या गाडीवाल्याला फोन लावायचा."

माझी चूक कुठं झाली हे बघायला पन्नास वर्षं मागं जावं लागतं. पूर्वीचे नियोजक एका भागातून दुसऱ्या भागात एकूण किती माणसं जातात, एवढंच मोजायचे. 1970 च्या दशकात डॅनियल मॅकफॅडन यांनी एकेका माणसाकडे बघितलं. वेळ, भाडं, दगदग यांवरून प्रत्येक वाहनाला गुण द्यायचे आणि त्या गुणांवरून ते निवडलं जाण्याची शक्यता काढायची. हेच ते लॉजिट मॉडेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या 'बार्ट' रेल्वेला 15 टक्के प्रवासी मिळतील असा सरकारी अंदाज होता. मॅकफॅडन म्हणाले 6.3, आणि प्रत्यक्षात निघाले 6.2! (यात नशीबही होतं, हे त्यांनी नंतर मान्य केलं.) 2000 साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे 1986 मध्ये ग्रेग हार्वे यांनी याच भागातल्या विमान प्रवाशांना ही पद्धत लावली. त्यात कामासाठी जाणारे आणि इतर, असे दोन गट वेगवेगळे तपासले.

यात एक गोष्ट गृहीत असते: सगळे पर्याय माणसासमोर खरोखर आहेत. चार्ल्स मॅन्स्की यांनी 1977 मध्येच हे दोन पायऱ्यांत मांडलं होतं. आधी माणसाचा पर्याय-संच कसा ठरतो ते बघा, मग त्यातली निवड. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. फॉर्म बनवताना मात्र विसरलो.

कागदावर एसटी स्वस्तच. पण पसरणी घाट, वाई, सुरूर, खंबाटकीचा बोगदा असं करत स्वारगेटला उतरायचं, मग बॅगा रिक्षात टाकून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला लोहगाव. वाईपर्यंत वडाप घेतलं तर आणखी एक बदल. विमान पहाटेचं असेल तर हे सगळं संचात येतच नाही. उशीर झाला तर एसटीचे दोनशे-तीनशे नाही, विमानाचं अख्खं तिकीट बुडतं. परतीला ही भीती नसते. त्याच काकू येताना स्वारगेटहून एसटीनं येतात! म्हणजे माणूस तोच, रस्ता तोच, फक्त संच बदलला. माझ्या फॉर्ममध्ये जाणं आणि येणं एकाच रकान्यात होतं.

विमानाची वेळही विचारली नव्हती, त्यामुळे भरलेले फॉर्म आता दुरुस्तही करता येत नाहीत. सरांनी ते बाजूला ठेवायला सांगितले. नव्या फॉर्मचा पहिला प्रश्न आहे: "त्या दिवशी, त्या वेळी तुम्हाला कोणकोणती वाहनं मिळू शकत होती?" निवासी शाळांना सुट्टी लागली की पालकांची ये-जा वाढते. तेव्हा पुन्हा घाट चढणार आहे.