लास्लो पॉप : तीन सुवर्णपदके आणि एक परवाना



वसंतातील या व्यासपीठावर मुष्टियुद्धाविषयी बोलायला उभा राहिलेला मनुष्य दार चुकून आत आला आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. नाकातून रक्त काढणारा खेळ आणि त्यावर मिळणारा पैसा, यात विचार करण्याजोगे ते काय? परंतु ज्याची हकीकत मी आज सांगणार आहे, त्याने किती ठोसे मारले यापेक्षा ते मारण्याची मुभा त्याला कोणी दिली आणि कोणी काढून घेतली, हा प्रश्न मला अधिक मोठा वाटतो. म्हणून हा विषय इतिहासाचा आहे, नुसत्या आखाड्याचा नाही.

या मनुष्याचे नाव लास्लो पॉप. रोमन लिपीत त्याचे आडनाव पाहून आपल्याकडे कोणीही ‘पाप’ असेच वाचील. पण हंगेरियन लोकांचा तो ‘अ’ आपल्या ‘ऑ’कडे झुकणारा आहे, आणि त्या भाषेत या शब्दाचा अर्थ आहे पुरोहित! तेव्हा आपण त्याला पॉपच म्हणू.

त्याचा जन्म २५ मार्च १९२६ रोजी बुडापेस्टला झाला. त्या पिढीचे तारुण्य कसे उगवले ते पाहा. १९ मार्च १९४४ रोजी जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. सहा दिवसांनी पॉपला अठरावे वर्ष पूर्ण झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस रशियन सैन्याने बुडापेस्टला वेढा घातला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये शहर पडले तेव्हा डॅन्यूब नदीवरचे सगळे पूल पाण्यात होते. पुढे तीन वर्षांनी याच शहरातला हा मुलगा लंडनच्या ऑलिंपिकला गेला आणि मध्यम वजनाच्या गटात इंग्लंडच्या जॉन राइटला त्याच्याच घरी हरवून सुवर्णपदक घेऊन आला. पॉप डावखुरा होता. डावखुऱ्याशी लढणे म्हणजे आरशात पाहून केस विंचरण्यासारखे. हात जिकडे न्यावा तिकडे तो जात नाही. त्यात पॉपचा डावा ठोसा विलक्षण जड होता.

१९५२ साली हेलसिंकीला ७१ किलोंचा नवा गट सुरू झाला. पॉप त्यात उतरला आणि अंतिम लढतीत दक्षिण आफ्रिकेच्या थ्यूनिस व्हान स्काल्कविकला हरवून त्याने दुसरे सुवर्णपदक मिळवले. हेलसिंकीचे हे ऑलिंपिक आपल्यालाही परके नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, ते इथेच. त्यांच्या प्रवासासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. एकीकडे खेळाडूला सरकार ओळखतच नाही आणि दुसरीकडे सरकार त्याला आपल्या मालकीचाच समजते. एकाच मैदानावर ही दोन टोके त्या वर्षी शेजारी शेजारी उभी होती. यातले कोणते बरे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्याच हेलसिंकीत आणखी एक विजेता होता. फ्लॉइड पॅटरसन हा अमेरिकेचा सतरा वर्षांचा निग्रो मुलगा; त्याने ७५ किलोंच्या गटात सुवर्णपदक पटकावले. घरी परतल्यावर काही आठवड्यांतच तो धंदेवाईक झाला. अमेरिकेत हा मार्ग मळलेला होता : ऑलिंपिकचे पदक ही जणू पदवी, आणि पदवी हाती पडली की मनुष्य पोटापाण्याला लागतो. पॉपपुढे हा मार्ग नव्हता. हंगेरीत साम्यवादी राजवट होती आणि पैशासाठी खेळणे म्हणजे भांडवलदारांनी केलेली खेळाडूची पिळवणूक, अशी तिची शिकवण होती.

इथे थोडे थांबून ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ या दोन शब्दांकडे पाहिले पाहिजे, कारण सगळा घोटाळा याच शब्दांत आहे. हौशी खेळाडूचे हे सोवळे मूळचे ग्रीकांचे नव्हे. ते एकोणिसाव्या शतकातील इंग्रज सद्गृहस्थांचे. त्यांच्या नौकाशर्यतींच्या नियमांत हातांनी काम करून पोट भरणारा कारागीर किंवा मजूर हौशी ठरतच नसे. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्यानेच फुकट खेळावे, असा याचा सरळ अर्थ. याच सोवळ्यापायी जिम थॉर्प या अमेरिकन आदिवासी खेळाडूची १९१२ सालची दोन सुवर्णपदके काढून घेतली गेली. त्याचा अपराध एवढाच की उन्हाळ्यात चार पैसे घेऊन तो बेसबॉल खेळला होता. आपल्या कोल्हापूरच्या मैदानांना हा नियम लावला असता तर एकही पैलवान हौशी उरला नसता. इनामाची कुस्ती जिंकून फेटा बांधून घेणाऱ्याला आपण कधी कमी लेखले नाही. तालमीचा खुराक कुठून येतो हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते.

गंमत अशी की हे उमरावी सोवळे साम्यवादी राष्ट्रांनी जसेच्या तसे उचलले. त्यांचे खेळाडू कागदोपत्री हौशी. प्रत्यक्षात त्यांचा निर्वाह, सराव, प्रवास, सारे सरकारच्या हाती. इंग्रज सरदाराने जे तत्त्व मजुराला बाहेर ठेवण्यासाठी शोधले, ते मजुरांच्या राज्याने मजुराला आत बांधून ठेवण्यासाठी वापरले.

आता १९५६ सालाकडे येऊ. २३ ऑक्टोबरला बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि ४ नोव्हेंबरला रशियन रणगाड्यांनी तो चिरडायला सुरुवात केली. २२ नोव्हेंबरला मेलबर्नचे ऑलिंपिक सुरू झाले. घरी काय घडत आहे, कोण जिवंत आहे, याची धड खबर नसताना हंगेरीचे खेळाडू स्पर्धेत उतरत होते. पॉप तीस वर्षांचा होता. तीन फेऱ्यांच्या झटपट लढतींसाठी हे वय उतरणीचे. उपान्त्य फेरीत त्याने पोलंडच्या पिएत्शिकोव्स्कीला हरवले. (हाच पिएत्शिकोव्स्की चार वर्षांनी रोमला वरच्या वजनाच्या गटात अंतिम लढत हरला, ती अठरा वर्षांच्या कॅशियस क्लेशी.) मग १ डिसेंबरला अंतिम लढत आली. समोर होता अमेरिकेकडून खेळणारा पोर्तो रिकोचा होसे टोरेस, वय वीस. पॉपने गुणांवर त्याला मागे टाकले. तीन ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाची तीन सुवर्णपदके मिळवणारा तो पहिला मनुष्य ठरला. त्याच्यानंतर हे साधले ते क्यूबाच्या दोघांना, तिओफिलो स्टीव्हन्सन आणि फेलिक्स साव्होन यांनाच.

मेलबर्नला १ डिसेंबरची दुपार होती तेव्हा शिकागोत ३० नोव्हेंबरची रात्र चालू होती. आणि त्याच रात्री तिथे पॅटरसनने आर्ची मूरला पाडून जड वजनाचे जागतिक अजिंक्यपद मिळवले होते. हेलसिंकीचे दोन सोबती! एकवीस वर्षांचा पोरगा काही तासांपूर्वी जगातील सर्वांत किमती पदाचा धनी झाला होता, आणि तिसाव्या वर्षी दुसरा पुन्हा एक पदक गळ्यात घालून घेत होता, ज्याचे बाजारात काही मोल नव्हते.

मेलबर्नहून हंगेरीचे अनेक खेळाडू घरी परतलेच नाहीत. फुटबॉलचा सम्राट फेरेन्त्स पुश्काश उठावाच्या दिवसांत आपल्या संघाबरोबर बाहेर होता. तोही परतला नाही, आणि बंदी भोगून १९५८ साली स्पेनच्या रेआल माद्रिदकडून खेळू लागला. पॉप परतला. परतून त्याने जे केले ते मला पुश्काशच्या पलायनाहून अधिक धैर्याचे वाटते : त्याने सरकारकडे धंदेवाईक होण्याची परवानगी मागितली. आणि आश्चर्य म्हणजे ती मिळाली. उठावानंतर गादीवर आलेल्या कादारच्या राजवटीने ती का दिली असावी? माझा तर्क असा की, ज्यांनी देश सोडला त्यांच्यामुळे झालेली नाचक्की ताजी होती. तीन सुवर्णपदकांचा मानकरी घरी राहून बाहेर लढतो आणि पुन्हा घरी येतो, हे दाखवणे तिला सोयीचे होते. पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटींच्या अमलाखालून धंदेवाईक रिंगणात उतरलेला हा पहिला मुष्टियोद्धा.

मात्र परवाना अर्धाच होता. राहायचे बुडापेस्टला, लढायचे परदेशात. हंगेरीत धंदेवाईक लढतीला जागाच नव्हती. म्हणून तयारीसाठी आणि लढतींसाठी व्हिएन्ना हेच त्याचे दुसरे घर झाले. ज्या बुडापेस्टने त्याला डोक्यावर घेतले होते त्या शहराने त्याची एकही धंदेवाईक लढत आपल्या डोळ्यांनी पाहिली नाही.

१९५७ साली, एकतिसाव्या वर्षी, त्याने ही नवी विद्या शिकायला घेतली. नवी म्हणतो ती उगाच नव्हे. हौशी लढत नऊ मिनिटांची. अजिंक्यपदाची धंदेवाईक लढत त्या काळी पंधरा फेऱ्यांची, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांची. नऊ मिनिटांत सारा जोर ओतणाऱ्याला तो पुरवून पुरवून वापरावा लागतो. त्यात पॉपच्या हातांची हाडे त्याच्या ठोशापुढे टिकत नसत. ती पुनःपुन्हा मोडत आणि महिने फुकट जात. तरीही तो हरला नाही. शुगर रे रॉबिन्सनला १९५५ साली नमवणारा ‘टायगर’ जोन्स १९६२ साली व्हिएन्नात पॉपकडून हरला. त्याच वर्षी मे महिन्यात डेन्मार्कच्या क्रिस क्रिस्टेन्सेनला हरवून पॉप मध्यम वजनाचा युरोपचा अजिंक्यवीर झाला. पुढे पॅरिस, व्हिएन्ना, डॉर्टमुंड, माद्रिद, कोपनहेगन अशा शहरांत फिरत त्याने हे पद सहा वेळा राखले. एकूण २९ लढती : २७ विजय, त्यांतील १५ प्रतिस्पर्ध्याला पाडून किंवा लढत थांबवायला लावून, आणि दोन बरोबरीच्या. पराजय एकही नाही.

आता जगज्जेतेपद तेवढे उरले होते. ते अमेरिकेच्या जोई जिआर्डेलोकडे होते आणि त्याच्याशी लढत ठरवण्याच्या गोष्टी चालू झाल्या होत्या. १९६५ साली हंगेरीच्या सरकारने परवाना काढून घेतला. कारण सांगितले ते असे की, पैशासाठी लढणे समाजवादाच्या तत्त्वांत बसत नाही. आठ वर्षे ते बसत होते, हे कोणाच्या ध्यानी आले नसावे!

पॉप जिंकला असता का? खरे सांगायचे तर मला शंका आहे. एकोणचाळीस वर्षांचे वय आणि मोडके हात घेऊन जिआर्डेलोसारख्या कसलेल्या गड्याशी पंधरा फेऱ्या लढणे सोपे नव्हते. परंतु त्याला मात मिळाली ती रिंगणात नव्हे. कचेरीतल्या टेबलावर मिळाली. हरण्याचा हक्कसुद्धा खेळाडूचा स्वतःचा असतो, आणि तोच त्याच्याकडून हिरावून घेतला गेला. त्याच वर्षी, ३० मार्च १९६५ रोजी, मेलबर्नला पॉपकडून हरलेला होसे टोरेस न्यूयॉर्कमध्ये हलक्या-जड वजनाच्या गटाचा जगज्जेता झाला. ही बातमी बुडापेस्टला वाचताना पॉपच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आपली आपणच करावी.

या वेळीही तो देश सोडून गेला नाही. १९७१ पासून वीस वर्षांहून अधिक काळ त्याने हंगेरीच्या राष्ट्रीय संघाला मुष्टियुद्ध शिकवले. म्हणजे ज्या सरकारने त्याची मूठ मिटवली, त्याच सरकारसाठी तो हौशी मुठी घडवीत राहिला. याला कोणी दुबळेपणा म्हणेल, कोणी निष्ठा म्हणेल. मला वाटते, त्याला घर हवे होते आणि घराची किंमत त्याने ठाऊक असून मोजली. १९८९ साली, साम्यवादी राजवट कोसळत असताना, जागतिक मुष्टियुद्ध मंडळाने त्याला मानाचे जगज्जेतेपद दिले. २००१ साली अमेरिकेतील मुष्टियुद्धाच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव लागले. १६ ऑक्टोबर २००३ रोजी, सत्याहत्तराव्या वर्षी, तो बुडापेस्टलाच वारला.

पुश्काश १९८१ साली प्रथम मायदेशी पाऊल टाकू शकला आणि २००६ साली त्यानेही बुडापेस्टलाच देह ठेवला. आज त्या शहरातले मोठे फुटबॉल मैदान पुश्काशच्या नावाचे आहे. त्याच्या शेजारीच, थोड्या पावलांवर, छप्पर असलेले एक भव्य क्रीडागृह आहे. त्याच्या दारावर लास्लो पॉपचे नाव कोरले आहे.